टायरची जखम

(मंडळाच्या मासिक कार्यक्रमात आमच्या सायकल गटाने दिलेल्या सप्रयोग व्याख्यानाचा हा पाठ. त्या दिवशी टायर हातात घेऊन बोललो होतो. वाचताना अडचण होऊ नये म्हणून थोडे शब्द बदलले आहेत.)



मंडळाच्या या व्यासपीठावर आजवर नाट्यसंगीत झालं, कीर्तनं झाली, मधुमेहावर डॉक्टरांची व्याख्यानं झाली. पंक्चरवर व्याख्यान मात्र बहुधा हे पहिलंच. विषय कळवला तेव्हा एका काकांनी विचारलं, "अहो, पंक्चर काढायला व्याख्यान कशाला? दुकान आहे की कोपऱ्यावर!" काकांचं म्हणणं साध्या सायकलीपुरतं अगदी बरोबर आहे. पण आता आपल्या घराघरांतल्या मुलांच्या सायकलींना ट्यूबलेस टायर आले आहेत आणि कोपऱ्यावरच्या दुकानाला अजून त्यांची ओळख झालेली नाही. म्हणून आम्ही उभे आहोत.

दुसरंही एक कारण आहे. गेल्या हिवाळ्यात टायर दुरुस्त करताना आमच्या हातून एक चूक झाली. तिची किंमत आमच्यातल्या एका मुलानं भोगली. ती गोष्ट शेवटी सांगू, कारण ती कळायला आधी टायर कळायला हवा.

आपल्यापैकी ज्यांचं बालपण दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, वाडीत गेलं, त्यांना पंक्चरचं दुकान आठवत असेल. पाण्याचं घमेलं, त्यात पिळून बुडवलेली ट्यूब, बुडबुडे आले की "सापडलं!" म्हणून आपणच ओरडायचं. मग कानशीनं घासणं, सोल्युशन लावून फुंकर घालणं आणि पॅच ठेवून हातोडीनं ठोकणं. त्या टायरमध्ये हवा धरायचं काम ट्यूबचं होतं. टायर हा फक्त अंगरखा. अंगरख्याला भोक पडलं तरी चालायचं, आतली ट्यूब जोडली की काम झालं.

ही व्यवस्था शंभर वर्षांहून जुनी. जॉन बॉइड डनलॉप हे बेलफास्टमधले पशुवैद्य. मुलाच्या तीनचाकी सायकलीला हवेचा टायर करून बघितला आणि १८८८ साली त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. पण तो टायर रिमला चिकटवलेला असायचा, पंक्चर काढणं म्हणजे दिवसभराचं काम. १८९१ मध्ये फ्रान्समधल्या मिशलँ बंधूंनी काढता-घालता येणारा टायर आणला आणि तेव्हापासून पंक्चर ही माणसाला रस्त्यात निभावता येणारी गोष्ट झाली. सायकलीचा ट्यूबलेस टायर त्या मानानं कालचा. डोंगरातल्या सायकलींसाठी १९९९ मध्ये फ्रान्समधल्याच तीन कंपन्यांनी मिळून त्याची पद्धत बसवली.

आता हा टायर आपण हातोहात पुढे द्या. हात थोडे काळे होतील, माफी असावी. यात ट्यूब नाही. रिमच्या आतल्या बाजूला चिकटपट्टी लावून आऱ्यांची भोकं बंद केलेली असतात. टायरची कड रिमच्या खोबणीत घट्ट बसते. आणि आत साधारण अर्धी वाटी पांढरं, दुधासारखं द्रव्य असतं. त्याला सीलंट म्हणतात. बहुतेक सीलंट रबराच्या चिकाचं असतं आणि त्यात बारीक कण किंवा तंतू घातलेले असतात. काटा लागला की हवा बाहेर धावते, तिच्याबरोबर हे दूध भोकात शिरतं, कण अडकतात, चीक गोठतो आणि भोक बुजतं. आपलं रक्त गोठून खपली धरते, तसंच काहीसं.

टायरचे तीन भाग लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे. जो रस्त्याला लागतो तो ट्रेड. आम्ही त्याला पाठ म्हणतो. दोन्ही बाजूंच्या पातळ भिंती, साइडवॉल. आम्ही त्याला कूस म्हणतो. आणि रिममध्ये बसणारी जाड किनार, बीड, ती कड. पाठ, कूस, कड. जखम कुठे आहे हे आधी बघायचं. किती मोठी आहे हे नंतर.

आता काट्याकडे येऊ. बडोद्यात सायकल चालवायची म्हणजे गांडो बावळ टाळता येत नाही. आपण त्याला वेडी बाभूळ म्हणतो. हे झाड मूळचं अमेरिका खंडातलं. वाळवंट पुढे सरकू नये म्हणून १९६० च्या सुमारास कच्छच्या बन्नी भागात ते मोठ्या प्रमाणावर लावलं गेलं आणि मग कोणाला आवरेना. सिंधरोटकडे महीच्या कोतरांत उतरा, दोन्ही बाजूंना तेच. काटा इंचभर लांब, लाकडासारखा कडक. पावसाळ्यानंतर शेताच्या कडेची झाडं छाटतात आणि फांद्या रस्त्यावर पडून राहतात. ट्यूबच्या सायकलीवर आम्ही एका सकाळी तीन-तीन पंक्चर काढली आहेत. ट्यूबलेस घेण्याचं आमचं कारण हेच, फॅशन नव्हे.

काटा पाठीत घुसला तर काय करायचं? थांबायचं. काटा उपसायचा. भोक लगेच खाली, जमिनीकडे येईल असं चाक फिरवायचं, म्हणजे सीलंट तिथे जमा होतं. अर्धा-एक मिनिट थांबायचं. फुसफुस बंद झाली की थोडी हवा भरायची आणि निघायचं. दहातले बरेच काटे एवढ्यावर निभतात. न निभले तर दोन कारणं असतात. एक, भोक मोठं आहे. दोन, आतलं सीलंट वाळलंय. हे दुसरं कारण आपल्या गावात फार. डब्यावर लिहिलेलं असतं की सीलंट सहा महिने टिकतं. चैत्र-वैशाखात पारा चाळीसच्या वर जातो तेव्हा आमच्या सायकलींत ते दोन-तीन महिन्यांत वाळून साय धरतं. म्हणून सणांचा हिशेब ठेवलाय. होळीला, वटपौर्णिमेला, गणपतीला आणि दिवाळीनंतर टायर हलवून बघायचा. आत पाणी हलल्याचा आवाज आला तर ठीक, नाही तर सीलंट घालायचं. रुंद टायरला साठ मिलिलिटरच्या आसपास पुरतं, अरुंद रस्त्याच्या टायरला तीस-चाळीस.

भोक सीलंटच्या आवाक्याबाहेरचं असेल, म्हणजे आमच्या अनुभवानं तीनेक मिलिमीटरच्या वर, तर वात घालायची. रबरात भिजवलेली चिकट दोरी असते, दुकानदार तिला स्ट्रिप म्हणतात. दोन टोकांच्या सुईत ओवून ती भोकात दाबायची, आत थोडी जाऊ द्यायची आणि सुई झटक्यात काढायची. वात अडकून राहते, सीलंट तिच्याभोवती धरतं. बाहेर राहिलेलं शेपूट लगेच मुळापासून कापू नका. चार-पाच मिलिमीटर राहू द्या, रस्त्यानं ते आपोआप झिजतं.

इथे कोपऱ्यावरच्या दुकानाची गोष्ट येते. आमच्यातल्या एकाच्या मागच्या टायरला खिळा लागला. सोबत वात नव्हती. हायवेला स्कूटरचं ट्यूबलेस पंक्चर काढणारा भेटला. माणूस भला, पैसेही घेईना. पण स्कूटरच्या टायरला भोक साफ करायला तो जी काटेरी सळई फिरवतो, तीच त्यानं सायकलीच्या टायरमध्ये फिरवली. स्कूटरचा टायर जाड असतो, तो सळई सोसतो. सायकलीचा टायर पातळ, त्यातले दोरे म्हणजेच त्याची ताकद. दोन मिलिमीटरचं भोक पेन्सिल जाईल एवढं झालं आणि भोवतालचे दोरे तुटले. सुमारे तीन हजारांचा टायर गेला. दोष त्या माणसाचा नव्हता, त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्हालाही ठाऊक नव्हतं. तेव्हा हे घरी जाऊन मुलांना नक्की सांगा. सायकलीची बारीक वात आणि बारीक सुई स्वतःच्या पिशवीत ठेवा आणि दुकानदाराला नम्रपणे म्हणा, "काका, सळई फिरवू नका, फक्त हवा द्या."

वातीनंही भागत नाही असा काप पाठीवर पडला, काचेचा किंवा पत्र्याचा, तर घरी आणून आतून पॅच लावता येतो. लोक घाई करतात ती इथेच, म्हणून हे काम सावकाश सांगतो.

टायर काढून उलटा करा. आत सीलंटची साय चिकटलेली असेल, ती अंगठ्यानं चोळून काढा, भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी सुटते. मग जागा पुसा. रॉकेलनं पुसू नका, त्याचा तेलकटपणा मागे राहतो आणि पॅच धरत नाही. मोबाइल दुरुस्त करणाऱ्यांकडे जे आयसोप्रोपिल अल्कोहोल असतं, ते उत्तम. नवा टायरही आतून पुसावाच लागतो, कारण साच्यातून सुटावा म्हणून कारखान्यात त्याला निसरडं द्रव्य लावलेलं असतं. मग पॉलिश पेपरनं पॅचपेक्षा थोडी मोठी जागा घासा, चकाकी जाईपर्यंतच. दोरे दिसायला लागले तर जास्त झालं.

सोल्युशनचा पातळ थर द्या आणि थांबा. पाच ते दहा मिनिटं. बोटाची पाठ लावून बघा, चिकटता कामा नये. ओल्या सोल्युशनवर पॅच ठेवला की आत ओल कोंडते आणि आठवड्यात कडा उचलतात. पॅच कोणता? ट्यूबचा पॅच नको. तो ताणला जावा म्हणूनच बनवलेला असतो आणि इथे आपल्याला न ताणला जाणारा हवाय. मोटारसायकलच्या टायरसाठी आत दोरे असलेले छोटे पॅच मिळतात, ते घ्या. कापाच्या चारी बाजूंना किमान एक सेंटिमीटर पुढे जाईल एवढा हवा. ठेवल्यावर चमच्याच्या पाठीनं मधून कडेकडे दाबत न्या, पाच मिनिटं. मग टायरमध्ये साधी ट्यूब घालून रिमवर चढवा, थोडी हवा भरा आणि रात्रभर तसाच ठेवा. ट्यूबच्या दाबानं पॅच टायरच्या गोलाईला बसतो. दुसऱ्या दिवशी ट्यूब काढा, सीलंट घाला आणि कडेला साबणाचं पाणी लावून हवा भरा. कड खोबणीत बसली की ठक-ठक असे आवाज येतात. घरातल्यांना आधी सांगून ठेवा. आमच्याकडे एकदा आजींना वाटलं, सिलिंडरच उडाला. हवा भरताना टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या वर मात्र जायचं नाही, कड बसत नसली तरी नाही.

पाठीवर अशी दुरुस्ती केलेले टायर आमच्याकडे वर्ष वर्ष चालले आहेत. त्याचाच आम्हाला गर्व झाला. आता ती गोष्ट.

गेल्या मार्गशीर्षात हालोलच्या रस्त्यावर आमच्या गटातल्या एका मुलाच्या पुढच्या टायरला कुशीत काप गेला. रस्त्याकडेचा धारदार दगड असावा. काप करंगळीच्या नखाएवढा. मुलगा कॉलेजात शिकणारा, टायर नवा, वडिलांकडे पुन्हा पैसे मागायची लाज. त्यानं आम्हाला विचारलं, "काका, हा वाचेल का?" आम्ही पाच जणांनी टायर हातात घेऊन बघितला. दोरे तुटलेले दिसत होते. तरी आम्ही म्हणालो, "पाठीवर एवढा काप आपण कितीदा जोडला, हाही जोडू." पॅच लावला, तोही ट्यूबचा, कारण दोऱ्याचे संपले होते. हवा भरली, रात्रभर ठेवला, हवा टिकली. हवा टिकली म्हणजे टायर बरा झाला असं आम्ही धरून चाललो.

हवा टिकणं आणि टायर टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हवा रबर धरतं, भार दोरे धरतात. पाठ जाड असते आणि कमी वाकते. कूस पातळ असते आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला वाकते, सरळ होते, वाकते. तिथले दोरे तुटले की सगळा ताण त्या मऊ पॅचवर येतो. तो फुगतो, आणि एक दिवस फुटतो.

दोन आठवड्यांनी आम्ही पावागडावर गेलो. माचीपर्यंत चढलो, चहा घेतला आणि उतरायला लागलो. तिसऱ्या-चौथ्या वळणावर पुढून फटाक्यासारखा आवाज आला. पुढचा टायर एका क्षणात बसला. मुलगा आतल्या बाजूला, डोंगराच्या अंगाला पडला. दरीच्या अंगाला पडला असता तर आज हे बोलायला आम्हाला तोंड नसतं. कॉलरबोन मोडलं, हात दीड महिना झोळीत. एक परीक्षा बुडाली.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. त्याची आई आपल्या मंडळाची जुनी सभासद आहे, इथेच बसल्या आहेत. त्या रागावल्या नाहीत. चहा दिला आणि एवढंच विचारलं, "टायर कोणी बघितला होता?" आम्ही पाचही जण गप्प. आम्ही सगळ्यांनीच बघितला होता. पाच जणांनी बघितल्यामुळे कोणीच 'नाही' म्हटलं नव्हतं. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याला जास्त कळतं.

त्यानंतर आम्ही गटात चार नियम केले. ते आज आपल्यासमोर सांगून ठेवतो, म्हणजे आम्ही विसरलो तर आपण आठवण द्याल.

पहिला. पाठीवरची जखम दुरुस्त होते. सहा मिलिमीटरपर्यंत वात, त्यापुढे एक सेंटिमीटरपर्यंत आतून दोऱ्याचा पॅच. त्याहून मोठी असेल तर टायर निवृत्त.

दुसरा. कुशीत सुईएवढं भोक असेल आणि सीलंटनं बुजलं असेल तर हरकत नाही, पण लक्ष ठेवायचं. कुशीतला दोरा तुटलेला दिसला की टायर निवृत्त. काही जण जाड मेणाच्या दोऱ्यानं टाके घालतात, आम्हीही घातले आहेत. ते घरापर्यंत पोहोचण्यासाठी, पुन्हा उतारावर जाण्यासाठी नव्हे.

तिसरा. कड तुटली, दुमडली, तिच्यातला दोरा बाहेर आला तर कोणतीही दुरुस्ती नाही. टायर रिमवर धरून ठेवणारी तीच एक गोष्ट आहे.

चौथा नियम सगळ्यांत महत्त्वाचा. टायर बघणाऱ्यांपैकी एकानं जरी 'नको' म्हटलं, तरी नको. म्हणणारा आठवीतला असला तरी. आणि पुढच्या टायरबद्दल शंका असेल तर वाद घालायचाच नाही. मागचा टायर बसला तर सायकल बहुतेक वेळा सावरता येते, पुढचा बसला तर सावरायला वेळच मिळत नाही.

मग कूस फाटली आणि घर वीस किलोमीटर लांब असलं तर काय? त्यासाठी एक साधी ट्यूब नेहमी जवळ ठेवा. व्हॉल्व्हची चकती हातानं सुटेल एवढीच आवळा, पक्कड लावून आवळली तर रस्त्यात सुटत नाही. व्हॉल्व्ह काढा, फाटलेल्या जागी आतून आधार द्या. टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा तुकडा किंवा ताकाच्या टेट्रापॅकचा तुकडा उत्तम, दोन्ही ताणत नाहीत. आम्ही तो कापून पिशवीतच ठेवतो. पण ट्यूब घालण्याआधी एक काम विसरू नका. टायरच्या आतून जाड फडकं फिरवा. सीलंटनं बुजवलेले जुने काटे आत टोकं काढून बसलेले असतात. एकदा एका टायरमधून आम्ही अकरा काटे काढले, तेही नवी ट्यूब दोनदा पंक्चर झाल्यावर. मग हवा थोडी कमी भरा आणि सावकाश घरी या, उतारावर चालत.

आता शेवटी ज्येष्ठांचा प्रश्न, जो मघाशी चहाच्या वेळीच आला: एवढा खटाटोप असेल तर आपली ट्यूब काय वाईट? काही वाईट नाही. भाजी आणायला, देवळात जायला, शाळेत जायला ट्यूबच बरी. तिला कोपऱ्यावरचं दुकान आहे. ट्यूबलेस त्यानंच घ्यावा जो काट्यांतून लांब जातो आणि महिन्यातून एकदा तासभर टायरला द्यायला तयार आहे.

तो तास एकत्र घालवता यावा म्हणून मंडळाच्या मागच्या अंगणात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही बसतो. घमेलं, पॉलिश पेपर, पॅच, हवेची टाकी, सगळं तिथे आहे. मुलांना पाठवा, मुलींनाही पाठवा. नातवाला ट्यूबलेस सायकल घेऊन दिली असेल तर आजोबांनीही यावं. कपडे जुने घाला, सीलंटचे डाग निघत नाहीत. आणि जुनं सीलंट मोरीत ओतू नका, आत गोठून नळी तुंबते. डब्यात वाळवून कचऱ्यात टाका.

तो फुटलेला टायर आम्ही फेकला नाही. अंगणातल्या भिंतीवर खिळ्याला टांगलाय, कुशीतली फाट समोर येईल असा. नवीन मुलगा आला की आधी त्याच्या हातात तो देतो आणि विचारतो, "हा जोडशील का?" उत्तर आलं की मग पॅच लावायला शिकवतो. ज्याचा तो टायर होता, तो मुलगाच आता हा प्रश्न विचारतो.

 मधल्या रांगेत फिरतोय तो टायर परत पाठवायला विसरू नका.

गणपती बाप्पा मोरया!